मॅच कोण दाखवतं आणि बातमी कोण देतं

एका वाचकाने विचारलं आहे: "माझी मुलगी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला क्रीडा पत्रकार व्हायचंय. घरात मॅच बघताना तिला काही गोष्टींचा उलगडा होत नाही. समालोचक क्रिकेट बोर्डाबद्दल कधीच वाकडा शब्द का काढत नाहीत? एवढी मोठी मॅच असते आणि मराठी वृत्तवाहिनीचा पत्रकार स्टेडियमच्या गेटबाहेर उभा राहून का बोलतो? आपल्या खेळाडूने पदक जिंकलं की खेळ दाखवायचा सोडून आईवडिलांना पेढे भरवतानाच का दाखवतात? आणि डीडीवर भारताची मॅच कधी दिसते, कधी गायब होते, हे काय प्रकरण आहे? ही मंडळी आळशी आहेत की विकली गेली आहेत?"

मी आधी एका वृत्तवाहिनीच्या स्पोर्ट्स डेस्कवर होतो, नंतर थेट प्रक्षेपणाच्या बाजूला गेलो. म्हणजे गेटबाहेर उन्हात उभा राहिलोय आणि आत ओबी व्हॅनच्या (मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीच्या) एसीत कुडकुडलोयसुद्धा. आळशी माणसं दोन्हीकडे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या प्रश्नांचं खरं उत्तर स्वभावात नाही, करारात आहे. मॅच दाखवणं हा एक धंदा आणि मॅचची बातमी देणं हा दुसरा. दोन्ही एकाच टीव्हीच्या पडद्यावर दिसतात म्हणून आपली गल्लत होते. समोर जे दिसतंय त्या कॅमेऱ्याचे पैसे कुणी दिलेत, एवढं एक विचारलं की निम्मं कोडं तिथेच सुटतं.

१९९३ पर्यंत दूरदर्शन मॅच दाखवायला क्रिकेट बोर्डाकडूनच पैसे मागत असे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थट्टा वाटते. त्या वर्षी हिरो कपचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकले, सरकार आणि दूरदर्शन आडवे आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खासगी वाहिन्यांचा रस्ता तिथून मोकळा झाला आणि पैशाची दिशा उलटी फिरली. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. सामने धरले होते ४१०. म्हणजे एका सामन्याला साधारण ११८ कोटी. दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० चेंडू, म्हणजे एका चेंडूला ४९ लाखांच्या आसपास. षटक संपता संपता जाहिरात का घुसते, डावात दोनदा अडीच मिनिटांचा टाइमआउट का असतो, याचं उत्तर याच भागाकारात आहे. डावपेच आखायला तो वेळ कर्णधारालाही उपयोगी पडतो, नाही असं नाही.

इतके पैसे मोजले तरी चॅनलच्या हातात नेमकं काय येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. भारतातली मालिका किंवा आयपीएल असेल तर चित्रण चॅनलचं नसतं. ते बोर्डाचं असतं. कॅमेरे, दिग्दर्शक, रिप्लेवाले, इंग्रजी समालोचक ही सगळी जुळवाजुळव बोर्डाच्या प्रॉडक्शनकडे. तिथून जे चित्र बाहेर पडतं त्याला 'वर्ल्ड फीड' म्हणतात. जगभरातल्या सगळ्या हक्कदार वाहिन्या तेच घेतात आणि त्यावर आपला स्टुडिओ, आपल्या भाषा, आपल्या जाहिराती चढवतात. फुटबॉलच्या विश्वचषकात फिफासाठी हे काम एचबीएस नावाची कंपनी करते, ऑलिंपिकमध्ये ओबीएस ही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचीच संस्था करते. थोडक्यात, आयोजकच छायाचित्रकार असतो.

प्रादेशिक भाषांमधलं समालोचन बरेचदा मैदानात बसून होतच नाही. मुंबईतल्या स्टुडिओत मॉनिटरसमोर बसून होतं. समोर असतं ते दिग्दर्शकाने निवडलेलं चित्र. मिडविकेट दोन पावलं मागे गेला, हे दिग्दर्शकाने दाखवलं तरच त्या समालोचकाला कळणार. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित बोलायचे तेव्हा ऐकणाऱ्याला काही दिसत नव्हतं, पण बोलणाऱ्याला अख्खं मैदान दिसत होतं. आता दोघंही तेच बघतात. मराठी समालोचन नुसतं उत्साही आणि वरवरचं वाटतं अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यात थोडा दोष बोलणाऱ्याचा असेल, पण त्याच्या खुर्चीची जागाही लक्षात घ्या.

आता ओबी व्हॅनच्या आत एक चेंडू कसा जातो ते सांगतो. समोर भिंतभर मॉनिटर, प्रत्येकावर एक कॅमेरा. मोठ्या सामन्याला तीसेक कॅमेरे सहज. दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या डोक्यामागे उंचावर एकेक मुख्य कॅमेरा असतो. (ही दोन टोकांची पद्धत रुळवली ती ऑस्ट्रेलियात १९७७ नंतर, कॅरी पॅकरच्या चॅनल नाइनने. त्याआधी एकाच टोकाला कॅमेरा असे आणि एका आड एक षटकात फलंदाजाची पाठच बघावी लागे.) समजा डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, चेंडू आत आला, पॅडवर आदळला, अपील. दिग्दर्शक मुख्य कॅमेऱ्यावर क्षणभर थांबतो, मग टॉकबॅकवर, म्हणजे सगळ्यांच्या कानातल्या हेडफोनवर, कॅमेऱ्यांचे आकडे सुटतात: फोर, टेक, सिक्स, टेक. चार म्हणजे ओरडणारा गोलंदाज, सहा म्हणजे पंच. चित्र बदलणाऱ्या व्हिजन मिक्सरची बोटं आकड्याबरोबर बटणावर पडतात. पंचाने मान हलवली की लगेच फलंदाजाचा क्लोजअप, कारण बॅट लागली की नाही हे चेहऱ्यावर आधी उमटतं.

हे चालू असताना मागच्या रांगेत रिप्लेवाल्यांची वेगळी घाई. प्रत्येकाकडे तीन-चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. "माझ्याकडे समोरून स्वच्छ आहे", "माझ्याकडे टप्पा दिसतोय", असं ओरडणं. रिप्ले निर्माता त्यातून दोन किंवा तीन निवडतो आणि क्रम लावतो. गोलंदाज परत धावायला लागेपर्यंत वेळ असतो अर्धा मिनिट, फिरकीला त्याहून कमी. त्यातच ग्राफिक्सवाल्याला आकडे द्यायचेत, समालोचकाच्या कानात 'पुढे स्लो मोशन येतोय' असं सांगायचंय, आणि षटकाचा शेवटचा चेंडू असेल तर चॅनलकडून जाहिरातीची उलटी मोजणी सुरू झालेली असते. टॉकबॅकची अधिकृत भाषा इंग्रजी. कॅमेऱ्याने फोकस घालवला की ती भाषा बदलते.

इथे दिग्दर्शकाच्या हातात किती ताकद असते बघा. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बॅनक्रॉफ्ट चेंडूला काहीतरी पिवळं घासताना कॅमेऱ्यात सापडला. चित्रण दक्षिण आफ्रिकेच्या सुपरस्पोर्टचं होतं. त्यांच्या कॅमेरामनने त्याला पकडून ठेवला, दिग्दर्शकाने ते लगेच पडद्यावर घेतलं, मैदानातल्या मोठ्या स्क्रीनवर गेलं, आणि बॅनक्रॉफ्टने ती वस्तू पँटमध्ये कोंबली तेही दिसलं. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथचं कर्णधारपद त्यात गेलं. हीच गोष्ट यजमान संघातल्या कुणी केली असती, आणि कॅमेरे यजमान बोर्डाच्याच पगारावर असते, तर ते चित्र पडद्यावर आलं असतं का? मला खात्री नाही. कुणी 'दाखवू नका' म्हणेल असं नव्हे. कॅमेरामनला तिकडे बघत राहा असं सांगायला कुणाला सुचणारच नाही.

दुसरं उदाहरण गोड आहे. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, सचिनची शेवटची कसोटी. त्याच्या आईने त्याला मैदानात येऊन खेळताना पाहिलं ते तेव्हाच. सचिन फलंदाजी करत असताना दिग्दर्शकाने आईला मोठ्या स्क्रीनवर दाखवलं, मग बाकी घरच्यांना. स्टेडियम उभं राहिलं, टीव्हीपुढे लोक रडले. पण क्रीजवर उभ्या माणसाला पुढचा चेंडू खेळायचा होता! त्या क्षणी एकाग्र होणं किती कठीण गेलं हे सचिनने नंतर स्वतः सांगितलं आहे. प्रक्षेपण म्हणून तो कट शंभर टक्के बरोबर होता, मीही तोच घेतला असता.

रिप्लेचं प्रकरण आणखी नाजूक. तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाजही सचिनच, डर्बन, नोव्हेंबर १९९२. तेव्हापासून टीव्हीचं चित्र हा निकालाचा पुरावा झाला. तरी कित्येक वर्षं तिसऱ्या पंचाला कोणता कोन दिसणार हे प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकामार्फतच ठरत होतं. पंच मागणार, दिग्दर्शक शोधून देणार. आयपीएलमध्ये २०२४ पासून हॉक-आय या चेंडूचा माग काढणाऱ्या तंत्राचे ऑपरेटर पंचाच्या खोलीतच बसतात, मैदानाभोवतीच्या त्यांच्या आठ वेगवान कॅमेऱ्यांचं चित्र थेट पंचाला देतात आणि दिग्दर्शक त्या साखळीतून बाहेर पडला. प्रेक्षकाला यातला फरक जाणवला नसेल, आम्हाला फार जाणवला. आणि याच्या उलट टोक बघायचं तर फेब्रुवारी २०२५ मधली अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवा. शिवराज राक्षेचं म्हणणं होतं की पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा. पंचांनी चितपट दिली ती दिली. त्याने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन कुणी करू नये. पण त्यानंतर कित्येक दिवस अख्खा महाराष्ट्र मोबाइलवरच्या व्हिडिओंतून खांदा टेकला की नाही हे शोधत बसला होता. पैसा असलेल्या खेळात पंचाच्या दिमतीला आठ कॅमेरे आणि मातीतल्या खेळात प्रेक्षकांचे मोबाइल, ही आपल्याकडची परिस्थिती आहे.

आता समालोचकांकडे येऊ. भारतातल्या मालिकांचे आणि आयपीएलचे इंग्रजी समालोचक बोर्डाच्या प्रॉडक्शनच्या करारावर असतात. २०१३ मध्ये इयान चॅपेलने असा करार नाकारला, कारण संघनिवड, डीआरएस (पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत) आणि प्रशासन या विषयांवर बोलता येणार नाही असं त्याला सांगण्यात आलं होतं. २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगलेला वगळलं, २०२० मध्ये आपल्या संजय मांजरेकरला. कारणं जाहीरपणे सांगितली गेली नाहीत. दोघंही पुढे परतले. पण बाकीच्यांना जो बोध घ्यायचा तो त्यांनी घेतला. लोकांना वाटतं वरून फोन येतो, चिठ्ठी येते. तसं काही लागत नाही. पुढच्या हंगामाच्या यादीत आपलं नाव असावं असं वाटणारा माणूस खेळपट्टीला 'थोडी आव्हानात्मक' म्हणायला आपोआप शिकतो.

तरीही त्यांना 'विकले गेलेले' म्हणणं मला पटत नाही. समालोचक हा पत्रकार आहे असं आपण गृहीत धरतो, तिथेच घोळ होतो. तो प्रक्षेपणाचा कलाकार आहे. फटका का बसला, गोलंदाजाने मनगट कुठे वळवलं, हे त्याने नीट सांगितलं की त्याचं काम झालं. बोर्डाच्या निवडणुकीवर सुनील गावसकर काय म्हणतात याची वाट बघू नये, ते शोधणं बातमीदाराचं काम.

मग तो बातमीदार गेटबाहेर काय करतोय? तर त्याला कॅमेरा घेऊन आत सोडत नाहीत. हक्क नसलेल्या वाहिनीचा कॅमेरा सामन्याच्या दिवशी मैदानात जात नाही. वर्तमानपत्राचा माणूस वही आणि लॅपटॉप घेऊन प्रेस बॉक्समध्ये बसू शकतो, टीव्हीवाल्याची पंचाईत होते. आदल्या दिवशी सरावाची पहिली पंधरा मिनिटं, पत्रकार परिषद, आणि सामन्याची ठराविक मिनिटांची दृश्यं, तीही उशिराने आणि 'सौजन्य' लिहून, एवढाच माल. २०११ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीच्या सुमारास फुटेजच्या नियमांवरून आयसीसीने भारतीय वृत्तवाहिन्यांची प्रवेशपत्रंच रोखली होती. छायाचित्रकारही यातून सुटलेले नाहीत. २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा बोर्डाने गेट्टीसारख्या छायाचित्र संस्थांना प्रवेश नाकारला आणि निषेध म्हणून एपी, एएफपी, रॉयटर्स या वृत्तसंस्थांनी त्या मालिकेवर बहिष्कार घातला.

आणि तुमचे पेढे. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. नेमबाजी पॅरिसपासून बरीच दूर, शातोरूला होती. चित्रण ओबीएसचं, भारतातले हक्क वायकॉम१८ कडे. मराठी वृत्तवाहिनीने दाखवायचं काय? तिच्या मालकीचं चित्र मिळू शकतं अशी एकच जागा उरते: राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. तिथे कॅमेरा लावायला कुणाची परवानगी लागत नाही, रॉयल्टी लागत नाही. म्हणून गुलाल, औक्षण, पेढे. वाहिनीला भावनेचा सोस आहेच, पण नाइलाजही आहे.

माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. परवानगी न लागणाऱ्या आणखीही कितीतरी गोष्टी होत्या. थ्री पोझिशन्स म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, यातलं कोणतं अवघड आणि का, हे एखाद्या शूटिंग रेंजवर जाऊन रायफल हातात धरलेल्या पोरांकडून दहा मिनिटांत दाखवता आलं असतं. हा पोरगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून आला, त्या प्रबोधिनीचं आज काय चाललंय, दीपाली देशपांडेंनी त्याला काय शिकवलं, गोळ्यांचा खर्च कोण करतं, हे सगळं कॅमेऱ्याच्या टप्प्यात होतं. त्याऐवजी 'तुम्हाला कसं वाटतंय?' आईला कसं वाटणार हो!

एक न्याय्य गोष्ट दुसऱ्या बाजूचीही सांगतो. प्रक्षेपक स्वतःच मालक झाला की नेहमी वाईटच होतं असं नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी स्टारने ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. त्या लीगवर त्याच चॅनलने टीका करावी ही अपेक्षा फोल आहे. पण तीस सेकंदांची चढाई, पडद्यावरचं घड्याळ, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला 'करो या मरो' ही सगळी टीव्हीसाठी केलेली रचना कबड्डीला मानवली. गल्लीतली चढाई आणि पकड दिवाणखान्यात पोचली ती त्यामुळेच.

वर्तमानपत्राचं दुखणं वेगळं, वेळेचं. आयपीएलचा रात्री साडेसातचा सामना अकरा-साडेअकराला संपतो. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती त्याच्या आधीच छापायला गेलेली असते. म्हणून एकाच सामन्याच्या दोन सुरुवाती लिहून ठेवायच्या, जिंकलो तर ही, हरलो तर ती, आणि शेवटच्या षटकात कोणती सोडायची हे उपसंपादक ओरडून विचारतो. लांबच्या तालुक्यात सकाळी पेपर उघडणाऱ्याला निकालच नसलेली बातमी मिळते. मला विचाराल तर ही अडचण उलट फायद्याची आहे. निकाल सगळ्यांनी बघितलेलाच असतो, तेव्हा तो सांगण्यात जागा का घालवायची? वि. वि. करमरकरांनी मराठीत क्रीडा पान उभं केलं तेव्हा त्यांनी कबड्डी, खो-खो, कुस्तीला आणि संघटनांच्या कारभाराला जागा दिली.

तर तुमच्या मुलीसाठी. एक सामना आवाज बंद करून बघायला सांगा आणि वहीत फक्त एवढंच लिहायला सांगा: कोणता खेळाडू किती वेळा क्लोजअपमध्ये आला, रिकाम्या खुर्च्या दाखवल्या का, वादाच्या निर्णयाचा रिप्ले किती वेळा लावला. मग एक सामना मैदानात बसून बघायचा, निदान स्थानिक स्पर्धेचा तरी. तिकिटाच्या रांगेपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत फीडमध्ये न येणारं जे दिसेल ती बातमी. सुरुवातीलाच भारतीय संघाच्या मागे लागू नये, तिथे पन्नास माणसं एकच पत्रकार परिषद लिहितात. जिल्ह्याच्या संघटना धरायच्या. बहुतेक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, त्यांचे हिशेब आणि पदाधिकाऱ्यांच्या नोंदी तिथे असतात. स्कोअरबुक लिहायला शिकणं सक्तीचं समजा. आणि ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्याबरोबर सेल्फी घ्यायचा नाही, निदान मुलाखतीआधी तरी.

राहिला डीडीचा प्रश्न. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र हक्कदार वाहिनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. मिळणाऱ्या जाहिरातींच्या पैशातले ७५ टक्के हक्कदाराला, २५ टक्के प्रसार भारतीला. पण कोणते सामने राष्ट्रीय महत्त्वाचे हे सरकार अधिसूचनेने ठरवतं, आयपीएल त्यात नाही. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे चित्र दूरदर्शनच्या अँटेनावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. म्हणून तुमच्या केबलवर डीडी लावलं की तिथे दुसराच कार्यक्रम चालू असतो आणि त्याच वेळी गावाकडे छतावर फ्री डिशची छत्री लावलेले काका फुकटात मॅच बघत असतात. सेट-टॉप बॉक्सवाल्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही.